थांबण्याची जागा

सातवीत असताना १ ऑगस्टला लोकमान्यांवर भाषण केलं होतं. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ इथपासून शेंगांच्या टरफलांपर्यंत सगळं तोंडपाठ. मंडालेपाशी आले आणि पुढचं वाक्य आठवेना. फार तर दहा सेकंद गेली असतील. घशाला कोरड पडली, तळहात ओले झाले, मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. मी नमस्कार करून खाली उतरले, ती पुढची वीस वर्षं माईकसमोर गेले नाही.

आजोळच्या राममंदिरात चैत्रात कीर्तन असे. आजी मला शेजारी घेऊन बसायची. निरूपण ऐन रंगात आलं की बुवा एकदम थांबत. उपरणं सारखं करत, तबलजीकडे बघत. देवळात समईची वात चुरचुरलेली ऐकू येई आणि त्या शांततेत आजी पुढचा शब्द आपणच पुटपुटे. बुवा आठवेना म्हणून थांबत नव्हते. मागे राहिलेल्यांना गाठायला वेळ देत होते. हे कळायला मला तिशी उलटावी लागली. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायचे. त्या मध्येच म्हणायच्या, “थांब गं, एवढं कळू दे.” माझं खरं शिक्षण तिथे झालं. पुढे फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य शिवाजीराव भोसले यांच्या व्याख्यानांच्या कॅसेट ऐकल्या, तेव्हा त्या संथ वाक्यांमधल्या जागाही ऐकू येऊ लागल्या.

शाळांतल्या वक्तृत्वस्पर्धांमध्ये आजही मुलं घंटेच्या धाकाने धावतात. गुण पाठांतराला, आवाजाला, हावभावांना. समोरच्याला काय पोचलं, याचा रकाना मी गुणपत्रकात पाहिला नाही. याचा मला मनापासून राग येतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली; तिने वक्त्यांना व्यासपीठ दिलं, तसे पिढ्यान्‌पिढ्या ऐकणारेही घडवले. बोलायला शिकणाऱ्याने आधी तिथे, खुर्चीत बसावं.

गावात २ ऑक्टोबरची ग्रामसभा होती. शाळेतल्या मुलींच्या शौचालयात पाणी येत नाही, एवढाच माझा विषय. उठले तेव्हा छाती धडधडत होती. ती अजूनही धडधडते. कागद मुद्दाम घरी ठेवला होता. मागची कुजबुज थांबेपर्यंत दुसरं वाक्य बोलायचं नाही, एवढं मात्र ठरवून गेले होते.

“आपल्या मुली शाळेत दिवसभर पाणी पीत नाहीत,” मी म्हणाले आणि थांबले.

दाराशी उभी असलेली दोघं-तिघं आत आली. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी पदर तोंडाशी धरला. सरपंचांनी हातातला मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. पुढचं वाक्य मला ठाऊक होतं. तरी मी आणखी एक श्वास थांबले.