आतड्याचे दुखणे आणि त्याची नावे

मराठीने आतड्याला फार मोठा मान दिला आहे. लेकरासाठी आईचे तुटते ते आतडे. जिव्हाळ्याचा माणूस तो आतड्याचा माणूस. दुसऱ्याचा अपराध आपण पोटात घालतो, आणि गाव सोडून परमुलखात येतो तेही पोटासाठीच. पण हेच आतडे खरोखरीचे आजारी पडले की भाषा एकाएकी मुकी होते. मग जवळ उरतात ते मोजके शब्द : पोट बिघडले, आव पडली, मूळव्याध झाली. भावनेच्या आतड्यासाठी इतकी समृद्ध असलेली भाषा शरीरातल्या आतड्यापाशी अशी तोकडी का पडते, या प्रश्नाचा मी गेली तीन-चार वर्षे विचार करतो आहे. त्याला घरातले एक निमित्त घडले.

'मूळव्याध' हा शब्द त्यातल्या त्यात सर्वांत बलवान. पुणे-नाशिक रस्त्याने भोसरीहून मोशीमार्गे चाकणकडे निघालात की भिंतींवर, विजेच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर हा शब्द दिसत राहतो. जोडीला भगंदर आणि फिशर. शब्दांची ही परंपरा जुनी आहे. सुश्रुताने ज्या आठ व्याधींना महागद म्हटले, त्यांत अर्श आणि भगंदर ही दोन्ही नावे आहेत. तेव्हा या शब्दांना कमी लेखण्याचे कारण नाही. अडचण वेगळीच आहे. शौचावाटे रक्त जाणे हे लक्षण आहे आणि मूळव्याध हे निदान. बोलण्यात मात्र लक्षणाची जागा निदानाने घेतली आहे. 'रक्त पडते' असे म्हणायला माणूस लाजतो, 'मूळव्याध आहे' असे म्हणायला तितका लाजत नाही. एकदा नाव मिळाले की शोध थांबतो. ज्या शब्दात 'मूळ' आहे, त्यानेच मुळाशी जाणे टळावे, हा अर्थाचा एक विचित्र उलटफेर आहे.

आमचे दाजी १९९४ साली लातूरकडून इकडे आले. आधी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान वर्कशॉपात लेथवर, नंतर चाकणला कंत्राटदाराकडे. तीन पाळ्या, डबा आणि जागरण यांत पोटाची तक्रार कुणालाही नवी नसते. वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांना रक्त पडू लागले. सात महिने त्यावर मूळव्याधीचे औषध चालू होते. या सात महिन्यांत एकाही डॉक्टराने हातमोजा घालून गुदद्वाराची साधी तपासणीसुद्धा केली नाही. दाजींनीही ताईला काही सांगितले नाही. पुढे जिना चढताना दम लागू लागला, हिमोग्लोबिन आठवर आले, तेव्हा प्रकरण माझ्यापर्यंत पोहोचले. "मास्तर, असलं काय बोलायचं घरात?" एवढेच ते म्हणाले.

कोलोनोस्कोपीचा अहवाल मी वाचला. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात व्रण, सूज आणि एक अरुंद झालेली जागा, जिच्यापलीकडे दुर्बीण गेली नाही. शेवटी तीन शब्द होते : कोलायटिस, क्षय, मॅलिग्नन्सी, आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. संहितेतील संदिग्धतेवर वर्गात तासन्‌तास बोलणारा मी त्या तीन प्रश्नचिन्हांसमोर बसून राहिलो.

या तीन आजारांत गोंधळ का होतो, हे नंतर तज्ज्ञांकडून समजून घेतले. आतड्याकडे तक्रार करण्याचे मार्गच थोडे आहेत : रक्त, जुलाब किंवा बद्धकोष्ठ, कळ, घटणारे वजन, रक्तक्षय. कोणताही आजार असो, तो यांतूनच बोलतो. भेद असतो तो तपशिलात. इन्फ्लमेटरी बाऊल डिसीज म्हणजे आतड्याचा दीर्घकालीन दाह. त्यात दोन प्रमुख आजार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसचे वर्णन सॅम्युअल विल्क्स या इंग्रज डॉक्टराने १८५९ मध्ये केले. तो बहुधा गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर चढतो आणि आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता राहतो. दुसऱ्याला १९३२ च्या एका शोधनिबंधावरून बरिल क्रॉन यांचे नाव मिळाले. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मधल्या जागा सोडत, भिंतीच्या पूर्ण जाडीत उतरतो. हे दोन्ही आजार पुष्कळदा तरुणपणी सुरू होतात, उसळतात आणि शमतात, कधी सांधे, डोळे, त्वचा यांनाही सोबत घेतात. कर्करोग सहसा उशिरा येतो आणि त्याला ओहोटी नसते. शौचाची सवय बदलते आणि बदललेलीच राहते. गाठ उजव्या बाजूस असेल तर रक्त डोळ्यांना दिसतही नाही, फक्त माणूस पांढरा पडत जातो.

हे सारे 'सहसा' आणि 'बहुधा' आहे. वयाची तिशी न ओलांडलेल्यांनाही मोठ्या आतड्याचा कर्करोग होतो, आणि साठीतही कोलायटिस सुरू होऊ शकतो. शौचातील कॅलप्रोटेक्टिन वाढले तर दाह आहे एवढे कळते. पण ते कर्करोगातही वाढू शकते. अखेरचा शब्द दुर्बिणीचा आणि तिच्यातून काढलेल्या तुकड्याचा. तोही तुकडा कुठून घेतला यावर अवलंबून. शिवाय हे दोन आजार एकमेकांना अगदी परके नाहीत. मोठ्या आतड्याचा दाह बरीच वर्षे राहिला तर कर्करोगाचा धोका वाढतो; म्हणून साधारण आठ वर्षांनंतर अशा रुग्णांची ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी करतात.

पाश्चात्त्य पुस्तकांत हा पेच बहुतेक दोघांचा असतो. आपल्याकडे तिसरा असतो, क्षय. लहान आतडे मोठ्याला मिळते तिथे तो विशेष आढळतो, आणि कधी क्रॉनसारखा, कधी गाठीसारखा दिसतो. क्षयाला क्रॉन समजून स्टेरॉइड दिले तर क्षय भडकतो. क्रॉनला क्षय समजून औषधे दिली तर महिने वाया जातात. आणि कर्करोगाला यांपैकी काहीही समजले तर गेलेला काळ परत मिळत नाही. ज्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जिथे पेनिसिलीन आणि पुढे क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन तयार झाले, त्या गावात क्षय हा शब्द इतिहासजमा व्हायला हवा होता. तो अजून अहवालात येतो.

इथे सुसान सोंटॅग आठवणे अपरिहार्य होते. १९७८ च्या 'इलनेस ॲज मेटाफर' या पुस्तकात तिने क्षय आणि कर्करोग यांच्या प्रतिमा शेजारी ठेवल्या : एक हळव्या, प्रतिभावंत माणसाचा म्हणून रंगवलेला, दुसरा लज्जास्पद मानलेला. रोगावरची रूपके उतरवून रोगाला रोग म्हणून पाहावे, हा तिचा आग्रह. मी ते पुस्तक अनेकदा शिकवले आहे. पण दाजींच्या आतड्यात हे दोन्ही आजार रूपक म्हणून आलेले नव्हते. ते एकाच ओळीत, प्रश्नचिन्ह लावून, पर्याय म्हणून उभे होते. 'भ्रष्टाचाराचा कर्करोग' हा आपल्या अग्रलेखांतला घासून गुळगुळीत झालेला प्रयोग त्या दिवसापासून मला वाचवत नाही.

पहिल्या बायॉप्सीत विशिष्ट नसलेला दाह एवढेच आले. कोलायटिसच्या गोळ्या सुरू झाल्या आणि घरात अक्षरशः पेढे वाटायचे बाकी राहिले. जन्मभर पुरणाऱ्या आजारासाठी आम्ही देवाचे आभार मानत होतो. त्या आनंदात मला माझा एक विद्यार्थी आठवत राहिला. तृतीय वर्षाला असताना चाकणच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून जाणारा, एकवीस वर्षांचा. त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. शेजाऱ्यांनी 'कॅन्सरच असणार' म्हणून आईला रडवले होते. ते खोटे ठरले. पण खरे काय होते? असेंब्ली लाइनवरचा माणूस आपल्या जागी दुसरा उभा राहिल्याशिवाय हलू शकत नाही, आणि याला पाळीत आठ-दहा वेळा जावे लागे. कारण सांगायची लाज वाटली, म्हणून तो कामचुकार ठरला आणि काम गेले. कर्करोग नव्हे म्हणजे काहीच नव्हे, असा हिशेब शरीर करत नाही.

दाजींच्या डॉक्टरांना ती अरुंद जागा स्वस्थ बसू देईना. त्यांनी सीटी स्कॅन करवून पाच आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घातली आणि त्या जागेतून अनेक तुकडे घेतले. या वेळी अहवालात प्रश्नचिन्ह नव्हते. शस्त्रक्रिया झाली, काही महिने पोटावर पिशवी राहिली, केमोथेरपी झाली. आता दोन वर्षे उलटली आहेत. दाजी कामावर जात नाहीत, पण संध्याकाळी इंद्रायणीकाठी फिरायला जातात आणि ओळखीच्या कुणालाही थांबवून, आवाज न उतरवता, विचारतात, "परसाकडं नीट होतं का?" लोक आधी चपापतात, मग उत्तर देतात.

आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या कर्करोगांची तपासणी आहे, आतड्याची नाही. म्हणजे आतड्याच्या बाबतीत पहिली तपासणी माणसाच्या स्वतःच्या बोलण्यानेच व्हायची आहे. म्हणून यंदा 'उपयोजित मराठी'च्या तासाला मी विद्यार्थ्यांना या विषयावर माहितीपत्रक लिहायला दिले. पहिलाच प्रश्न शब्दाचा आला. 'शौच' पुस्तकी वाटले, 'मल' प्रयोगशाळेतले, 'संडास' काहींना ओंगळ. बीडच्या मुलीने 'परसाकडे' सुचवले. चिंचवडच्या इमारतींत वाढलेल्या दोघांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. विदर्भातला एक जण म्हणाला, "सर, आमच्याकडे हे कुणी बोलतच नाही, तर शब्द कुठून आणू?" तास संपला तरी वाद मिटला नाही. अखेर पत्रकात तीन शब्द शेजारी-शेजारी छापायचे ठरले, म्हणजे ज्याला जो आपला वाटेल तो त्याने घ्यावा, आणि दवाखान्यात गेल्यावर उच्चारावा.