शून्य टक्के ओलाव्याचा कापूस

टेस्ट हिरवी होती, हेच मला अजून सलतं.

अकोल्याच्या एका जिनिंगचं कापूस-खरेदीचं सॉफ्टवेअर आम्ही अमरावतीत बसून करत होतो. जावा, जेयुनिट, मॉकिटो, नेहमीचंच. कपातीचा नियम सीसीआयचा, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचा: ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्याहून ओला माल परत. एवढं तपासायला एक आकडा पुरे. पण आमचं बिल पावतीला विचारायचं, पावती गाडीला, गाडी नमुन्याला, आणि ओलावा नमुन्याकडे. म्हणजे एका आकड्यासाठी टेस्टमध्ये तीन मॉक (खऱ्याच्या जागी उभे केलेले नकली), एकाच्या पोटात दुसरा. सीनियर म्हणाले, डीप स्टब लावा. वरचा एक मॉक करा, खालचे मॉकिटो आपोआप पुरवतो. मी हरकत घेतली. "डेडलाइन गुरुवारची आहे," एवढंच उत्तर मिळालं.

पुढे कुणीतरी ओलावा नमुन्याऐवजी मीटरच्या नोंदीतून वाचायला सुरुवात केली. टेस्टमध्ये ७ टक्के भरलेले होते जुन्याच वाटेवर. साधा मॉक असता तर नव्या वाटेवर नल, म्हणजे काहीच नाही, आला असता, टेस्ट लाल झाली असती. डीप स्टबने मुकाट्याने नवा मॉक काढून दिला. त्याला ओलावा विचारला, तर शून्य. शून्य म्हणजे आठच्या आत, म्हणजे पूर्ण भाव, म्हणजे हिरवी! न वापरलेल्या स्टबवर बोंब मारणारी मॉकिटोची कडक तपासणी सीनियरांनीच बंद करून ठेवलेली, 'फार कटकट करते' म्हणून.

जिनिंगवर मीटरची नोंद उशिरा चढायची. तिथे खराखुरा नल. बिलं अडली, फाटकाबाहेर गाड्यांची रांग. मुनीमजींना शून्याची गोष्ट सांगितली तर म्हणाले, "सुन्य टक्के? असा कापूस वऱ्हाडात कोनं पायला बाप्पा!" मीटिंगमध्ये ठपका आला 'टेस्ट अपुऱ्या' असा, म्हणजे आम्हा ज्युनियरांवर. हरकतीचा उल्लेखही नाही.

मॉकमधून मॉक काढावा लागला की खोट कोडमध्ये आहे असं खुशाल समजावं. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात १९८७ साली मांडलेला डेमिटरचा नियम हेच सांगतो: शेजाऱ्याशी बोला, शेजाऱ्याच्या पाहुण्याला हाका मारू नका. बिलाच्या हातात ओलाव्याचा आकडाच द्या, मॉक लागतच नाही. नंतर तसंच केलं. टेस्ट तीन ओळींवर आली.

एवढं तावातावाने सांगतोय खरा, पण अलीकडेच एका जुनाट कोडला हात लावण्याआधी मी स्वतःच डीप स्टब वापरले. तो कोड उकलायला ना वेळ होता, ना परवानगी. कडक तपासणी तेवढी चालू ठेवली.