बाहेरकाठा

पेण म्हटले की लोकांना गणपतीच्या मूर्ती आठवतात. आम्हांला आठवते ते मीठ. गावाच्या पश्चिमेस, खाडीकडे उतरत गेलेल्या खारेपाटातील एका लहानशा शाळेत आमचे वडील शिक्षक होते, आणि आमच्या बालपणाची सहा-सात वर्षे त्या सपाट, वाराभरल्या मुलखात गेली. तेथे समुद्र दूर दिसत असला तरी दूर नसतो. मातीचा एक लांबलचक बांध त्याला अडवून धरतो. त्याला तिकडे बाहेरकाठा म्हणतात. बांधात मधूनमधून उघाड्या असतात. पावसाचे गोडे पाणी ओहोटीला त्यांतून बाहेर सोडायचे आणि भरतीला खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही, एवढ्या एका नेमावर त्या प्रदेशाची सारी भातशेती उभी होती.

आमच्या शेजारच्या घरचे काका मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे 'जंगी पलटणी'त हवालदार होते. घरी काकी, काकांची वृद्ध आई आणि दोन लहान मुले. काकींना लिहिता-वाचता येत नव्हते. वडिलांना शाळेच्या कामातून सवड नसे, म्हणून काकांची पत्रे वाचून दाखवण्याचे आणि उत्तरे लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. सन १९७१ मध्ये आम्ही इयत्ता सहावीत होतो. अक्षर बरे होते, आणि त्या कामाचा आम्हांला अभिमानही फार होता.

काकांची पत्रे वाचताना हा मनुष्य सीमेवर आहे की बांधावर, असा प्रश्न पडे. पत्त्याच्या जागी पलटणीचे नाव आणि '९९ ए.पी.ओ.' एवढेच असे. ते कोठे आहेत हे लिहिण्याची मुभा नव्हती. शेताविषयी मात्र मुबलक मजकूर असे. पहिल्या पावसांनी जमिनीतले मीठ धुऊन जाईपर्यंत बियाणे टाकण्याची घाई करू नये. मग मोड आणून रहू टाकावा. खालच्या खाचरात काळा रताच पेरावा, तो खारटपणाला दाद देत नाही. उघाडीची फळी कुजली असेल तर मे महिन्यातच बदलावी. आईला पेणच्या डॉक्टरांकडे न्यावे. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी जी चिंचोळी जागा असे, तेथेही ते बारीक अक्षरात लिहीत : पैकी इतके बैलाच्या पेंडीला, इतके सोसायटीच्या हप्त्याला. पोस्टमन अंगठा घेई, पैसे मोजून देई, आणि काकी प्रथम तो मजकूर वाचून घेत, मग पैशांना हात लावीत.

त्या वर्षी पिठोरी अमावास्येच्या उधाणाला बाहेरकाठ्याला खांड पडली. रात्री गावात आरडाओरडा झाला. पुरुष कंदील घेऊन धावले, पण पाण्याने वाट काढली होती. सकाळी पाहिले तो हिरव्या खाचरांवर समुद्र पसरलेला. गावाने पेंढा, मेढी आणि चिखल घालून पुढच्या आठवड्यांत खांड बुजवली; काकीही डोक्यावर चिखलाची घमेली वाहत होत्या. भात मात्र गेले. पाती आधी तांबूस झाली, मग करपली. खारे पाणी एकदा शिरले की नुकसान एका हंगामाचे नसते. दोन-तीन पावसाळे त्या मातीला धुवावे लागतात, तेव्हा कोठे ती पुन्हा दाणा देते.

त्या आठवड्यात आम्ही पत्र लिहावयास बसलो. आम्ही विचारले, "काकी, खांडीचे लिहू ना?" त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नको बाळा. तिथं बसून ते काय करणार? जिवाला घोर लागेल. लिही, पीक बरं आहे." आणि आम्ही लिहिले. पीक बरे आहे. पुढच्या पत्रातही लिहिले. तिसऱ्या पत्रात तर काकींनी सांगितले नसताना 'लोंब्या चांगल्या भरल्या आहेत' असे आमच्या पदरचे वाक्य घातले, कारण शाळेत निबंधाला त्यासाठी गुण मिळत.

या वाक्याची किंमत लवकरच कळली. काकांच्या बहिणीला रोह्याला दिले होते, आणि तिच्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते. काकांनी लिहिले की पीक चांगले आले आहे, तेव्हा मामाकडून अर्धी खंडी भात रोह्याला पोचते करावे. यात कमीपणा येऊ देऊ नये. आम्ही ते वाचले आणि आमचा आवाज बसला. काकी शांतपणे ऐकत होत्या. आधी त्या सोसायटीत कर्ज मागण्यास गेल्या. सातबारा नवऱ्याच्या नावावर, नवरा हजर नाही, मुखत्यारपत्र नाही, म्हणून नकार आला. मग त्यांनी पेणला जाऊन हातातल्या पाटल्या गहाण ठेवल्या, बाजारातून भात विकत घेतले आणि ते नागोठण्यावरून रोह्याला पाठवले. काकांना पत्र गेले : भात पोचले. या एका गोष्टीपुरते तरी ते पत्र खरे होते.

डिसेंबरच्या ३ तारखेला युद्ध सुरू झाले. संध्याकाळी सारी आळी आमच्या रेडिओभोवती जमू लागली. जंगी पलटण ब्रह्मपुत्रेच्या जुन्या पात्राकाठी, जमालपूरच्या वेढ्यात होती हे आम्हांला नंतर कळले. तेथल्या पाकिस्तानी अधिकाऱ्यास शरण येण्याविषयी पत्र पाठवले गेले, तेव्हा त्याने उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली, ही हकीकत पुढे पुष्कळ ठिकाणी छापून आली. १० डिसेंबरच्या रात्री घनघोर लढाई झाली आणि ११ तारखेस जमालपूर पडले. १६ तारखेस ढाक्यात शरणागती झाली.

नाताळानंतर काकांचे पत्र आले. मी खुशाल आहे, काळजी नसावी, बैलांना चारा कमी पडू देऊ नये. आम्ही ते उघडले मात्र, आणि थबकलो. अक्षर काकांचे नव्हते. कोणा दुसऱ्याने लिहिले होते. आम्ही काकींच्या तोंडाकडे पाहिले. त्या वाट पाहत होत्या. आम्ही काही न सांगता मजकूर वाचून दाखवला. बारा वर्षांच्या वयात दोन माणसांची दोन गुपिते आमच्यापाशी जमा झाली, आणि त्यांचे ओझे कोणाजवळ उतरवावे हे समजेना.

काका मार्चमध्ये सुट्टीवर आले. उजव्या खांद्यात गोळ्याचा तुकडा घुसला होता. जखम भरत आली होती. घरात शिरताच त्यांनी काकींचे रिकामे मनगट पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे एकटेच शेताकडे गेले. परत येऊन त्यांनी आम्हांला हाक मारली. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "बाळ, पुढच्या चौकीनं खोटी खबर दिली, तर मागून सुटणारा हुकूमही खोटाच असतो. मला कळतं, तर मी पैसे उभे केले असते. नाहीतर रोह्याला तसं लिहिलं असतं. बहीण काही परकी नाही." आम्ही रडू लागलो. तेव्हा काकी दाराआडून म्हणाल्या, "त्याला कशाला बोलता? तुमचं पत्र दुसऱ्याच्या हातचं होतं. मला अक्षर वाचता येत नाही, ओळखता येतं." काका गप्प झाले.

पुढे आम्ही वाचले की १९१४-१५ साली फ्रान्सच्या खंदकांत असलेल्या हिंदी शिपायांची पत्रे सरकार तपासत असे, आणि त्यांतील उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेले आहेत. त्यांतही युद्धाइतकीच गुरांची, कर्जाची, जमिनीच्या तंट्याची चिंता आहे. आमच्या जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात लढता लढता पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीतील मोंतोने गावातही त्यांचे स्मारक झाले. हे उचितच झाले. पण पुतळा पाहताना आमच्या मनात प्रश्न येतो, की त्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांच्या घरची शेते कोणी लावली असतील? त्या हातांचे स्मारक कोठे असते?

सैनिक दुरून शेती चालवतो असे आपण म्हणतो. खरे पाहता तो दुरून शेतीची आठवण चालवतो. शेती चालवते ती घरी राहिलेली स्त्री. त्याच्या आज्ञा ती शिरोधार्य मानते, आणि उधाणाच्या रात्री स्वतःच्या बुद्धीने वागते. कागदावर मात्र तिचे नाव नसते. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावा असे गावोगाव सांगितले. काका तोवर निवृत्त होऊन घरी आले होते. त्यांनी कोणाशी चर्चा केली नाही. एके दिवशी ते तलाठ्याकडे गेले आणि खालच्या खाचरावर, खारे पाणी शिरले होते त्याच खाचरावर, काकींचे नाव लावण्यासाठी अर्ज देऊन आले.

नोंद झाल्यावर उतारा घेऊन ते मुद्दाम रोह्याला आमच्या घरी आले. सोबत काकीही होत्या. "वाचून दाखव," काका म्हणाले. आम्ही वाचले. काकींनी कागद हातात घेतला, आपल्या नावावर बोट ठेवले आणि विचारले, "हेच ना?" आम्ही म्हणालो, "होय काकी, हेच."

आज काका नाहीत, काकीही नाहीत. मनिऑर्डरचा तो जुना फॉर्म २०१५ साली बंद झाला. सीमेवरचा जवान आता घरच्यांना फोनवरून पाहू शकतो, शेताचे चित्रही क्षणात मागवू शकतो. तरीही फोन धरणाऱ्याने तो कोणत्या बाजूला वळवायचा, हे त्याच्याच हाती असते. 'पीक बरे आहे' हे वाक्य प्रेमापोटीच लिहिले जाते, हे आम्हांला ठाऊक आहे. आम्ही ते स्वहस्ते लिहिले आहे. म्हणूनच सांगतो, वाचकहो, दूरच्या माणसाला आनंद कळवताना खांडही कळवावी. ओझे वाहण्याचा त्याचाही हक्क आहे.