रानपिंगळ्याची नोंद

दिवाळी सरली की चांदूर रेल्वेच्या शिवारात थंडीची वर्दी पाखरे देतात. कपाशीची वेचणी चाललेली असते, तुरी फुलावर येतात आणि एका सकाळी वसतिगृहाच्या कौलांवर शेपूट थरथरवणारा थिरथिरा दिसतो. ओलाव्याच्या जागी धोबी येतो; मालखेडच्या तलावावर उत्तरेकडची बदके उतरतात. हे पाहुणे ओळखायला मी याच शाळेत शिकलो. आमचे विज्ञानाचे गुरुजी प्रत्येकाला वही ठेवायला लावीत. तारीख, वेळ, जागा आणि स्वतः पाहिले तेवढेच त्यात लिहायचे. ऐकीव गोष्ट असेल तर 'ऐकले' असे लिहावे, हा त्यांचा दंडक होता.

त्या दंडकाचे मोल मला रानपिंगळ्याच्या कथेतून कळले. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडले जाते, त्या ह्यूम साहेबांनी १८७३ साली या घुबडाचे प्रथम वर्णन केले. १८८४ साली खानदेशात त्याचा शेवटचा नमुना मिळाला आणि पुढे तो दिसेनासा झाला. मध्यंतरी माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत आपल्याला हा पक्षी मिळाल्याचे नोंदवले होते. ती नोंद खोटी होती. संग्रहालयातून लांबवलेल्या जुन्याच नमुन्याला त्याने नवी तारीख व नवे गाव चिकटवले होते. त्या चिठ्ठीवर विसंबून शोधणारे भलत्याच रानात फिरत राहिले. पामेला रासमुसेन या अभ्यासक महिलेने ही लबाडी उघडकीस आणली आणि खऱ्या नोंदींचा माग घेत नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, तो पक्षी सहकाऱ्यांसह पुन्हा पाहिला. मध्ये ११३ वर्षे लोटली होती.

पुढे आपल्या मेळघाटातही तो आढळला. डिसेंबरच्या एका गारठ्यात, सागाच्या रानात, मीही त्याला पाहिले. सूर्य वर आला होता, तरी तो उघड्या फांदीवर ऊन खात बसला होता. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात. याचे डोके जवळजवळ कोरे. घुबड असूनही हा दिवसा वावरतो. सागाचे रान तुटले तर त्याला राहायला दुसरी जागा नाही.

आज थंडी उशिरा येते, पाखरे कमी झाली, असे आपण सहज बोलून जातो. पण किती उशिरा, किती कमी, हे सांगायला पूर्वीची खरी नोंद हाती हवी. ती मोठ्या संग्रहालयातच असते असे नाही. एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या पेटीतल्या जुन्या वहीतही असू शकते. ज्यांनी अशा वह्या जपल्या आहेत, त्यांनी त्यांची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात आणून द्यावी, एवढीच विनंती. आज वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना पुढची पाने लिहिता येतील.