शेपटीचा शेजारधर्म

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खाजगी मोटारीला मज्जाव. तिथे अनेक संसार घोड्याच्या पाठीवरच चालतात. पण घोड्यावर स्वार होणारी एक दुसरीही जात आहे—गोमाशी! रक्त पिते ती मादीच. अंड्यांसाठी तिला ते हवे असते. नर बिचारा फुलांतल्या मधावर गुजराण करतो. तिचे चावणे म्हणजे कातडी कापणेच. घोडा उधळतो, स्वार धुळीत! शिवाय ‘सर्रा’ हा जीवघेणा रोगही ती एका घोड्याकडून दुसऱ्याकडे नेते. त्याचे जंतू ग्रिफिथ इव्हान्स यांना १८८० साली सापडले, ते आपल्याकडच्याच घोड्याउंटांच्या रक्तात.

घोडेवाले कडुनिंबाचा धूर करतात. इंग्लंडात तर शास्त्रज्ञांनी घोड्यांना झेब्र्यासारखे पट्टेरी झगे चढवून पाहिले. त्यांवर माशा फार कमी बसल्या, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. हसू नका, वाचकहो! पट्ट्यांपाशी माशीला नीट उतरताच येत नाही.

मला मात्र घोड्यांचा स्वतःचा उपाय भावतो. दोघे उलटसुलट तोंडे करून लगत उभे राहतात. आपली शेपटी आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही, शेजाऱ्याच्या पोहोचते. वर्गात ‘सहकार्य’ शिकवताना मला इतके सोपे उदाहरण कधी सुचले नव्हते.

एका हौशी पाहुण्याने घोडेवाल्याला सुचवले, “शेपूट छाटून टाक, घोडा ऐटदार दिसेल.”

तो शांतपणे म्हणाला, “साहेब, मग शेजारच्याच्या तोंडावरच्या माशा कोण वारील?”