वेळ काढणे

मराठीत वेळ ‘काढतात’. हा शब्दप्रयोग ज्याने कोणी रूढ केला, तो बँकेतच नोकरीला असला पाहिजे. कारण काढायचा म्हटलं की तो आधी कुठंतरी ठेवलेला असावा लागतो. आमच्याकडे पैसे काढायला माणूस आला की आम्ही त्याला स्लिप भरायला लावतो, सही ताडून बघतो, खात्यात शिल्लक आहे का ते पाहतो आणि एवढं करून पैसे देताना चेहरा असा करतो, की जणू ते आमच्याच खिशातून चाललेत. वेळेला यातलं काही नाही. ‘अहो, जरा वेळ काढा की!’ असं म्हणणारा माणूस, तो कोणाच्या खात्यातून काढायचा हे कधी सांगत नाही.

मी बी.कॉम. आहे. तीन वर्षांत कॉलेजने मला एकच गोष्ट धडपणे शिकवली. एका खात्यावर काही जमा झालं, की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यावर ते नावे पडलंच पाहिजे. बाकीचं सगळं मी विसरलो, पण हे विसरता येत नाही; कारण मला छंद आहेत.

मोठे छंद तीन. तबला, मोडी लिपी आणि पक्षी. किरकोळ खात्यांत शब्दकोडी आहेत आणि कुंडीतला एक वड आहे. त्याचं बोन्साय करायचं होतं, पण हे त्याला कुणी सांगितलेलं नसल्यामुळे तो खिडकीच्या गजांबाहेर गेला आहे. तीन मोठ्या छंदांपैकी एकातही मी नाव घेण्यासारखा नाही. तबल्यातली माझी प्रगती पाहून गुरुजींनी ‘तुम्ही ऐकता छान’ असं मत दिलं आहे. मोडीतलं पेशवाईतलं पत्र पुढे ठेवलं, तर वरचा ‘श्री’ मी खडखडीत वाचतो. पक्ष्यांचं म्हणाल, तर आता पक्षी मला ओळखायला लागले आहेत.

नात्यागोत्यात माझं वर्णन एका म्हणीत आटोपतं : एक ना धड, भाराभर चिंध्या. आमचे मोठे मामा ही म्हण इतक्या मायेने म्हणतात, की नवख्या माणसाला ते माझं आडनाव वाटावं.

वास्तविक ही म्हण आपल्या देशात निपजलीच कशी, याचं मला नवल वाटतं. शहाण्या माणसाला चौदा विद्या आणि चौसष्ट कला आल्या पाहिजेत असं म्हणणारे आपणच ना? चौसष्ट कलांची यादी वात्स्यायनाच्या कामसूत्रात आहे. (पुस्तकाचं नाव ऐकून आमच्या हेडकॅशियरनी ते लगबगीने मागून नेलं आणि मी सांगितलेलं यादीचं पान वाचून तितक्याच लगबगीने परत केलं.) गाणं, वाजवणं, नाचणं, चित्रं काढणं अशी ही यादी सुरू होते आणि पुढे पोपट-मैनांना बोलायला शिकवणं, मेंढ्यांच्या, कोंबड्यांच्या आणि लाव्यांच्या झुंजी लावणं इथपर्यंत जाते. भागवत सांगतं की कृष्णाने सांदीपनींच्या आश्रमात या चौसष्ट कला चौसष्ट दिवसांत आत्मसात केल्या. म्हणजे रोज एक! सोमवारी मैना, मंगळवारी मेंढा. त्याला कुणी ‘भाराभर चिंध्या’ म्हटलं नाही. अर्थात त्याला डोंबिवलीहून ८.३२ ची फास्ट पकडायची नव्हती आणि संध्याकाळी आश्रमात परतल्यावर ‘गॅसचा नंबर लावलात का?’ असंही सांदीपनी विचारत नसत.

देवादिकांचं सोडा. दामोदर धर्मानंद कोसंबी घ्या. माणूस गणिताचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक. आता गणितज्ञाने गणित करावं की नाही? यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली (१९४८). पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायाखाली घालून अश्मयुगातली दगडी हत्यारं वेचली. भारताच्या इतिहासाच्या अभ्यासावर ग्रंथ लिहिला (१९५६), तो असा की त्यांच्याशी भांडायला का होईना, पण इतिहासवाल्यांना तो वाचावा लागतो. आणि मला सगळ्यात लागतं ते म्हणजे त्यांनी नाणी तोलली. हातोहात फिरून नाणं झिजतं, झिजलं की वजन कमी होतं. तेव्हा वजनाचा नीट हिशेब केला तर कुठली नाणी आधीची आणि कुठली नंतरची हे सांगता येईल, असं त्यांनी गणिताने मांडलं आणि तक्षशिलेला सापडलेल्या जुन्या नाण्यांना ते लावून दाखवलं. मी सोळा वर्षं कॅशला बसलो. नाणं झिजतं हे मला कुणी सांगितलं नाही. दहाच्या नाण्याविषयी माझं सगळं ज्ञान ‘लोक घ्यायला कुरकुरतात’ एवढंच.

कोसंबी पुण्याला राहत आणि मुंबईला डेक्कन क्वीनने ये-जा करत. जाऊन-येऊन सहा तासांवर प्रवास, तोही बसून. हे वाचल्यापासून प्रवासात अभ्यास करायचा असं मीही ठरवलं. डेक्कन क्वीन आणि डोंबिवलीची फास्ट यांत फरक एवढाच, की आमच्या गाडीत पुस्तक धरायचं असेल तर ते डोक्याच्या वर धरावं लागतं. मी पेशवे दफ्तरातल्या एका मोडी पत्राची झेरॉक्स अशी वर धरून वाचत होतो. खांद्याला खांदा लावून (दुसरा पर्याय नव्हता) उभ्या असलेल्या गृहस्थांनी बराच वेळ निरखून विचारलं,

“कुठल्या डॉक्टरांचं?”

“पेशवे दफ्तरातलं आहे.”

“असं का? गुण येतो?”

मोडीवर माझं प्रेम बसलं त्याला कारण आहे. ही मुळात कारकुनांची लिपी. बोरू फारसा न उचलता भराभर ओढत जायचं, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही. शाळेत ज्या गोष्टीसाठी मी छड्या खाल्ल्या ती शेकडो वर्षं राजदरबारी चालत होती हे कळल्यावर कुणाला बरं वाटणार नाही?

तबल्याचं श्रेय मी नोटा मोजायच्या यंत्राला देतो. पूर्वी कॅशियर ओल्या स्पंजला बोटं लावून नोटा मोजत. यंत्र आलं आणि दहाही बोटं मोकळी झाली. आता गिऱ्हाईक पुढे असताना टेबलाच्या कडेवर हळूच तीनताल चालू असतो. सोळा मात्रा झाल्या की समेवर व्हाउचरवर शिक्का. काम अडत नाही, उलट लयीत होतं. एकदा नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आलेले एक पेन्शनर आजोबा डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, रांगेने दमले. मी शिक्का मारला तसे डोळे उघडून म्हणाले, “नववी मात्रा खालीची असते हो. तिथे शिक्का मारू नये.” तो दाखला त्या वर्षीचा सगळ्यात निःसंशय दाखला होता.

पक्ष्यांचं काम सर्व्हर डाऊन झाला की. शाखेच्या मागे उंबर आहे, त्यावर तांबट बसतो. भर दुपारी, सगळे पक्षी गप्प असताना, हा आपला टुक् टुक् टुक् एका लयीत ठोकत असतो. सर्व्हर बंद पडल्यावर खिडकीशी जाऊन त्याला बघायचं, मात्र चेहरा दुःखी ठेवायचा. नाहीतर गिऱ्हाइकाचा गैरसमज होतो. शिवाय १ सप्टेंबर २०१५ पासून आम्हाला दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा झाला. हे दोन शनिवार म्हणजे वेळेतली मुदत ठेव. मोडीचा वर्ग मी त्यावरच काढला.

एकदाच सगळी खाती गोठली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि ३० डिसेंबरपर्यंत आम्ही काउंटरमागे नुसते नोटा घेत राहिलो. रात्री अकरा-साडेअकराला घरी यायचो. पक्षी दिसायचं सोडा, उजेडच दिसत नव्हता. एका रात्री जेवण झाल्यावर तबल्याची खोळ काढली आणि वाजवायचं त्राण नाही म्हणून शाईवर नुसता तळहात ठेवून बसलो. बायको आतून म्हणाली, “आज आवाज नाही आला.” म्हटलं, “आज शिल्लक नाही.”

लोकांना वाटतं, छंद असलेल्या माणसाला वेळ कुठंतरी फुकट सापडतो. फुकट काही नाही. माझ्या वेळेची किंमत बँकेच्या नोटीस बोर्डावर दर वर्षी लागते. बढतीचं परिपत्रक! कारकुनाचा ऑफिसर व्हायचं असेल तर अर्ज भरायचा. ऑफिसर झालं की पगार वाढतो, बदली कुठेही होते आणि घरी यायची वेळ देवाच्या हवाली होते. मी दर वर्षी ‘अनिच्छुक’ असं लिहून खाली सही करतो. माझ्या मागून लागलेली पोरं आज साहेब झाली आहेत. ती मला ‘काका, सही करा’ म्हणतात, आणि मी करतो.

माझे साडू माझ्याच वेळचे, दुसऱ्या बँकेत. ते मात्र भराभर चढत गेले. सहा शहरं, सहा बंगले, गाडी. मामांच्या लेखी ‘धड’ म्हणजे ते. मागच्या दिवाळीला आमच्याकडे आले होते. बायका आत गेल्याचं पाहून त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि कर्ज मागावं तशा आवाजात म्हणाले, “मला एखादा छंद सांग रे.”

“कसला?”

“कसलाही. फक्त लवकर यायला हवा. अलीकडे झोप येत नाही. रविवारी सकाळी तर काय करावं तेच समजत नाही. तुझा तो वड कुठे मिळाला?”

मी त्यांना त्याची एक फांदी दिली. तिला कुंडीत घालून ते गाडीच्या पुढच्या सीटवर बेल्ट लावून घेऊन गेले.

या साडूंच्या गाडीचा धूर आमच्या घरात नंतर बराच काळ रेंगाळला. यंदाचं परिपत्रक लागलं त्या रात्री बायको मुलीच्या कॉलेजच्या फीचा कागद आणि एक वही घेऊन समोर बसली. ती बी.ए. आहे, पण हिशेबाला माझ्यापेक्षा पक्की.

“ऑफिसर झालात तर महिन्याला किती वाढतील?”

“बारा हजार धर.”

“आणि तबला, मोडी, पक्षी मिळून महिन्याला तास किती?”

“तीस.”

“म्हणजे तासाला चारशे.” तिने खाली दोन रेघा मारल्या. “गुरुजीसुद्धा तीनशे घेतात. आणि त्यांना येतो.”

मी म्हटलं, “अगं, पण हा वेळ माझा मी काढतो.”

“कुठून?” ती म्हणाली. “सकाळी सहा ते सात तुम्ही तबला वाजवता तेव्हा तुमचा डबा कोण करतं? वेळेचं खातं जॉइंट आहे हो. चेकबुक तेवढं एकाच्याच हातात आहे.”

बँकेत इतकी वर्षं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’चे शिक्के मारले, पण त्याचा अर्थ असा कुणी समजावून दिला नव्हता. मी विचारलं, “तुला किती काढायचाय?”

“रोज एक तास. मला पोहायला शिकायचंय.”

हिचं माहेर वाईचं. कृष्णेच्या घाटालगत घर. भाऊ पाण्यात सूर मारायचे आणि ही काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायची. मुलींनी पोहायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. फक्त कपडे कुणीतरी सांभाळायला हवे होते. हे मला लग्नानंतर एवीस-तेवीस वर्षांत दहादा तरी ऐकून माहीत होतं, पण गोष्ट म्हणून. तरणतलावाचा फॉर्म तिने आधीच भरून ठेवला होता. बायकांची बॅच सकाळी सहा ते सात.

“ती तर माझ्या रियाजाची वेळ!”

“हो. म्हणून तर विचारतेय.”

रियाज आता रात्री नऊला होतो, आणि खालच्या मजल्यावरच्यांनी तसं लेखी कळवलं आहे. सकाळी सहाला मी कुकर लावतो, कणीक मळतो. (तबल्यावर शाईला पूड घोटतात त्याची आठवण होते, एवढंच सांगतो.) राहता राहिलं परिपत्रक. शेवटच्या तारखेला मी तिलाच विचारलं, “काय करू? फीचंही बघायला हवं.”

“फीचं मी बघते. दोन शिकवण्या घेईन संध्याकाळच्या,” ती म्हणाली. “तुम्ही आता बदलीवर गेलात तर सकाळी कुकर कोण लावणार?”

मी ‘अनिच्छुक’ लिहून सही केली.

काल ती साडेसातला आली. केस ओले, डोळे लाल. पिशवी दारातच टाकून म्हणाली, “आज काठ सोडला! चार हात गेले असेन.” मी काहीतरी बोलणार तेवढ्यात तिचं लक्ष ओट्याकडे गेलं.

“शिट्ट्या किती झाल्या?”

“तीन.”

“मग बंद करा की!”

मी गॅस बंद केला.