स्टिअरिंग हलके होते तेव्हा

गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी मिस्साहून घरी परतलो, तेव्हा आमचे चिरंजीव संगणकासमोर बसून एका वस्तूची छायाचित्रे न्याहाळत होते. वस्तू म्हणजे मोटारीचे स्टिअरिंग. मोटार मात्र नाही. हे स्टिअरिंग टेबलाला घट्ट आवळायचे, त्याची वायर संगणकाला जोडायची, पायांशी पेडल मांडायची आणि पडद्यावरच्या शर्यतीत गाडी हाकायची, असा तो प्रकार. किंमत ऐकली आणि मनात म्हटले, चाळीस दिवसांच्या संयमाची सुरुवात तर मोठी झकास झाली!

"अरे, खेळण्यासाठी एवढे पैसे?" मी विचारले.

"पप्पा, हे नुसतं खेळणं नाही. ह्यातून गाडी आपल्याशी बोलते."

उभा जन्म मराठी शिकवण्यात गेल्यामुळे 'बोलते' या क्रियापदापाशी मी अडलो. गाडी काय बोलणार आणि ती भाषा कोणाला कळणार? तेव्हा कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसलेल्या बाबांनी चष्म्यावरून एकवार आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्याला एक इतिहास होता आणि तो सांगितल्याविना पुढचे काही उमगणार नाही.

बाबा मॅटॅडोर चालवीत. वसईच्या वाड्यांतली केळी, भाजी आणि फुले घेऊन मध्यरात्रीनंतर निघायचे, वर्सोव्याच्या पुलावरून खाडी ओलांडायची आणि उजाडण्यापूर्वी दादरचा बाजार गाठायचा, हा त्यांचा तीसएक वर्षांचा नेम. पुढे गावात फिरण्यासाठी त्यांनी एक लहानशी जुनी मोटार घेतली. चार वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या दिवशी, नातवाला शेजारी बसवून ते बाजारातून परतत होते. वळणावर गाडी सरळच घसरत गेली आणि बावखलाच्या काठावर एक चाक अधांतरी ठेवून थांबली. देवदयेने कोणाला खरचटलेही नाही. मी धावत गेलो आणि दहा माणसांदेखत म्हणालो, "बाबा, तुम्हाला आता काही कळत नाही. चावी द्या."

ते एवढेच म्हणाले, "स्टिअरिंग हलकं झालं होतं रे. मला कळलं होतं."

मला ती म्हाताऱ्या माणसाची सबब वाटली. घरी आल्यावर त्यांनी येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली चावी ठेवली. पुढे गाडी विकली आणि पैसे त्यांच्या खात्यावर टाकले. त्यांना त्यांनी हात लावला नाही. माझ्या गाडीतून कोठे जायचे झाले, तर ते मुकाट्याने मागच्या आसनावर बसत. पुढे, माझ्या शेजारी, कधीही नाही. मी या गोष्टीचा पापनिवेदनात कधी उच्चार केला नाही, कारण माझे काही चुकले असे मला वाटतच नव्हते.

असो. चिरंजिवांनी माझी शिकवणी सुरू केली. शर्यतीच्या खेळासाठी मिळणारी अगदी स्वस्त स्टिअरिंगे असतात, त्यांच्या पोटात स्प्रिंग किंवा रबर असते. वळवले की ते मध्यावर परत येते. गाडी रस्त्यावर असो, चिखलात असो की हवेत असो, त्याचा जोर तोच. काहींत एक थरथरणारी मोटर असते. धडक बसली की ती गुरगुरते, एवढेच. 'फोर्स फीडबॅक' म्हणतात तो प्रकार निराळा. पडद्यावरच्या गाडीच्या पुढच्या चाकांवर त्या क्षणी कोणता भार पडतो आहे, याचे गणित संगणक सेकंदाला शेकडो वेळा मांडतो आणि स्टिअरिंगमधील विजेच्या मोटरीला तसा हुकूम देतो. मग ते आपल्या हातांना ढकलते, ओढते, झटका देते किंवा एकाएकी सैल पडते. घरगुती संगणकासाठी अशी स्टिअरिंगे १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. २००६ साली आलेल्या लॉजिटेकच्या जी-२५ ने खऱ्या गाडीसारखे अडीच फेरे फिरणारे स्टिअरिंग, क्लच आणि गिअरची दांडी सामान्य शौकिनाच्या टेबलावर आणली.

मोटरीचा जोर हातापर्यंत पोचवण्याच्या तीन रीती आहेत. पहिलीत लहान मोटर दातेरी चक्रांच्या द्वारे जोर वाढवून देते. ही टिकाऊ आणि तुलनेने स्वस्त, पण खडखडते. दात्यांमध्ये किंचित फट राहत असल्याने मध्यावर थोडी जागा मुकी असते. दुसरीत दात्यांऐवजी पट्टा असतो. २०१४ साली आलेले थ्रस्टमास्टरचे टी-३०० या जातीचे. हालचाल मऊ आणि आवाज कमी, पण पट्ट्याच्या ताणात बारीक कंप थोडे विरून जातात. तिसरी रीत म्हणजे मोटरीच्या दांड्यावरच थेट स्टिअरिंग बसवणे. मध्ये दलाल नाही. एके काळी ही चैन श्रीमंत शौकिनांची होती. २०२१ साली फानाटेकच्या सीएसएल डीडीसारखी लहान यंत्रे आल्यावर ती मध्यमवर्गाच्या आवाक्याच्या निदान दृष्टिपथात आली.

जोर मोजतात न्यूटन-मीटरमध्ये. मला आकडे कळेनात, म्हणून चिरंजिवांनी ते किलोत मांडले. एक वीत त्रिज्येचे स्टिअरिंग जरा मोठेच. साधारण १५ सेंटीमीटर त्रिज्या धरली, तर २ न्यूटन-मीटरचे दातेरी यंत्र कडेवर सुमारे सव्वा किलोचा जोर लावते, ५ चे साडेतीन किलोंच्या आसपास आणि ८ चे साडेपाच किलोंच्या आसपास. तरुणांची ओढ साहजिकच मोठ्या आकड्याकडे. "आठचंच घेऊ," असा त्यांचा आग्रह.

मुंबईच्या एका उपनगरात अशी यंत्रे मांडून तासाच्या हिशेबाने खेळू देणारी एक जागा आहे. एका शनिवारी आम्ही निघालो. अनपेक्षितपणे बाबाही चपला घालून उभे राहिले. "बघू तरी," म्हणाले. नेहमीप्रमाणे मागे बसले.

चिरंजिवांनी तिन्ही जातींची यंत्रे चालवून पाहिली. मग तिथल्या मुलाने गमतीने बाबांना विचारले, "आजोबा, बसता का?" आणि बाबा बसले. नजर अधू झाल्याने पडदा त्यांना नीट दिसत नव्हता. शर्यत तर ते करणारच नव्हते. त्यांनी रस्त्याच्या कडेकडेने, बैलगाडीच्या चालीने गाडी नेली आणि स्टिअरिंग बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे असे हलवून पाहिले. दातेरी यंत्रावर पहिल्या दहा सेकंदांतच म्हणाले, "ह्याला प्ले आहे." तो मुलगा थक्क झाला. दात्यांमधली ती मुकी फट, जी समजावून घ्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या होत्या, ती बाबांच्या तळव्यांनी बसल्या बसल्या ओळखली होती. पट्ट्याच्या यंत्रावर त्यांनी मान डोलावली, "गोड आहे. पण खडी कळत नाही." थेट मोटरीच्या यंत्रावर मात्र ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी नातवाला हाक मारली, त्याचे हात धरून स्टिअरिंगवर ठेवले आणि त्याचे अंगठे उचलून बाहेर, कडेवर ठेवले.

"अंगठे आत घालायचे नाहीत. खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग उलटं फिरतं आणि अंगठा मोडतं."

पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाड्यांवर आयुष्य काढलेल्या चालकांचा हा जुना धडा. तो मुलगा हसून म्हणाला, की या जोरकस यंत्रांवर आम्हीही हेच बजावतो; पडद्यावर धडक होणार असे दिसले, की हात सोडून द्यायचे.

त्यानंतर चिरंजीव आठच्या जोरावर वेगाने वळण घेऊ लागले. दोन वेळा गाडी मातीत गेली. मी मागे उभा राहून विचारले, "गाडी जाणार हे आधी कळत नाही का?"

"कळतं ना पप्पा! जाण्याच्या थोडं आधी स्टिअरिंग हलकं होतं."

मी जागच्या जागी थिजलो. बाबा समोर होते. त्यांनी वळून पाहिले नाही. मी हळूच विचारले, "हलकं का होतं?"

त्याने तिथल्याच एका कागदावर चाकाचे चित्र काढले. टायर रस्त्याला जेथे टेकतो तो तळहाताएवढा भाग वळणावर पिळला जातो. त्या पिळातून निघणारा आडवा जोर बरोबर मध्यावर नसून थोडा मागे असतो. म्हणून चाक आपोआप सरळ होऊ पाहते आणि तेच ओझे हाताला जाणवते. वेग वाढत गेला, की त्या टेकलेल्या भागाची मागची बाजू आधी निसटू लागते. जोराचा मध्य पुढे सरकतो, सरळ होण्याची ओढ कमी होते आणि स्टिअरिंग सैल वाटते. विशेष हे, की त्या क्षणी पकड पुरती संपलेली नसते. संपण्याच्या किंचित आधी मिळालेली ती सूचना असते. ओल्या रस्त्यावर ती फार लवकर येते आणि फार थोडा वेळ राहते.

म्हणजे बावखलापाशी बाबा बोलले ते अक्षरशः खरे होते. त्यांना कळले होते. नातू शेजारी बसलेला असताना, पहिल्या पावसाच्या तेलकट रस्त्यावर, त्या पाव सेकंदात त्यांच्या तळव्यांना टायरचा निरोप पोचला होता. आणि मी दहा माणसांदेखत सांगितले होते, की तुम्हाला काही कळत नाही.

निवड करताना मग मोठ्या आकड्याचा मोह आपोआप गळाला. चिरंजिवांनीच एक गोष्ट समजावली. यंत्राच्या कुवतीपेक्षा अधिक जोराचा हुकूम आला, की ते कमाल मर्यादेवर अडकून बसते; त्यावरचे सारे चढउतार सपाट होतात. सणाच्या दिवशी मंडपातला कर्णा पुरता पिळला, की स्तोत्रातले शब्द फाटून नुसता कल्लोळ ऐकू येतो, तसेच हे. यावर उपाय दोन: यंत्र मोठे घ्या, नाहीतर हुकूम सौम्य करा. त्या दुपारी त्याने पाचच्या यंत्रावर खेळातला जोर उतरवून पाहिला. हाताला ओझे कमी लागले, पण खडी, काठ आणि ते हलके होणे, सारे स्पष्ट उमटले. आठच्या यंत्राशी तो झुंजत होता. पाचच्या यंत्राचे तो ऐकत होता. आम्ही थेट मोटरीचे, पण लहान यंत्र घ्यायचे ठरवले.

पैसे उरले असते, तर ब्रेकचे चांगले पेडल घ्यायचे होते. साधे पेडल पाय किती अंतर गेला ते मोजते. लोड सेलचे पेडल पायाने किती जोर लावला ते मोजते आणि खरा ब्रेक जोरानेच दाबायचा असतो. पण अंदाजपत्रकात ते बसेना. तेव्हा बाबा म्हणाले, "आधी हात शिकू देत. पाय नंतर." आणि थोडे थांबून, "गाडीचे पैसे पडून आहेत. त्यातून घ्या."

परतताना घोडबंदरपाशी वाहतूक तुंबली होती. चिरंजीव पुढे, माझ्या शेजारी, डोळे मिटून बसले होते. मी समोरच्या आरशात पाहून म्हणालो, "बाबा, त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं."

बराच वेळ उत्तर आले नाही. मग ते म्हणाले, "कळलं होतं. पण पाय उशिरा गेला. पूर्वी हाताला कळायच्या आत पाय जायचा." पुढे आणखी हळू, "चावी घेतलीस ते बरंच केलंस. बोललास ते नको होतं."

चार वर्षे मी या प्रसंगाचा निवाडा एकाच वाक्यात करून मोकळा झालो होतो. त्यांनी त्याचे दोन भाग केले आणि दोन्ही भाग न्याय्य होते. माणसाची शक्ती जाते ती सगळी एकदम जात नाही. पाय मंदावतो, तरी हातांना रस्ता ओळखता येतो. जे गेले ते काढून घेताना, जे उरले आहे तेही नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नसतो. त्या आठवड्यात पापनिवेदनाला गेलो, तेव्हा चार वर्षांचे राहून गेलेले एक वाक्य माझ्यापाशी तयार होते.

यंत्र आले. आईच्या शिवणयंत्राच्या जुन्या सागवानी टेबलावर ते आवळले आहे. हलके टेबल या जोराने डगमगते. संध्याकाळची रोझरी झाली, की चिरंजीव बसतात आणि बाबा मागे खुर्ची ओढून, डोळे मिटून, टायरच्या आवाजावरून सांगतात, "आता सोड, आता सोड."

ईस्टरच्या सकाळी मिस्साला निघताना मी सवयीने मागचे दार उघडून धरले. बाबांनी ते लावून घेतले आणि पुढे येऊन माझ्या शेजारी बसले. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत ते माझ्या हातांकडे पाहत होते. मग म्हणाले,

"अंगठे बाहेर."